बंद पडलेल्या वाद्याची नक्कल

एखादे यंत्र आपल्याला समजले आहे, असे केव्हा म्हणावे? ते चालवता आले म्हणजे थोडे समजले, दुरुस्त करता आले म्हणजे बरेच समजले. पण ते यंत्र पुन्हा पहिल्यापासून बनवायचे ठरवले, तर खरी कसोटी लागते. मूळ यंत्रातले काय आवश्यक होते आणि काय केवळ योगायोगाने आले होते, हे तेव्हा ठरवावेच लागते. विज्ञानात आपण सतत हेच करत असतो. या दृष्टीने एका जपानी वाद्याची कहाणी पाहण्याजोगी आहे.

रोलँड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचा एक छोटा सिंथेसायझर बाजारात आणला. त्याची रचना तादाओ किकुमोतो या अभियंत्याची. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस गिटारवादक मिळत नाही, तेव्हा ती उणीव या पेटीने भरून काढावी, अशी कल्पना होती. स्वर आधी भरून ठेवायचे आणि पेटी ते पुन्हा पुन्हा वाजवत राहणार. काही स्वरांवर जोर देण्याची आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही होती. पण स्वर भरण्याची रीत किचकट होती आणि आवाज बेस गिटारसारखा मुळीच येत नव्हता. १९८४ मध्ये उत्पादन थांबले. तोवर सुमारे दहा हजार नग तयार झाले होते.

या अपयशी वाद्याचा एक लक्षणीय वापर मुंबईत झाला. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरव, ललित, तोडी यांसारखे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात टीबी-३०३ सोबत रोलँडचीच आणखी दोन यंत्रे होती. ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. पुढे १९८७ साली शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रसिद्ध झाली. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या या पेटीच्या कळा वाजवतानाच फिरवून त्यांनी एक चिरका, वळणारा आवाज काढला आणि नृत्यसंगीताचा नवा प्रकार रूढ झाला. मग मात्र पेटीला मागणी आली, किंमत भडकली आणि कारखाना तर केव्हाच बंद! चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका २०१० साली पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा हाच आवाज मुंबईत पाच वर्षे आधी उमटल्याचे पाहून जगभरचे श्रोते चकित झाले.

वाद्य मिळत नाही, तर घरी बांधावे, असे अनेकांना वाटू लागले. त्यांच्या हाती एक मोलाची गोष्ट होती. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी कंपनीने छापलेल्या पुस्तिकेत परिपथाची संपूर्ण आकृती होती. मग अडचण कोठे आली? ती समजण्यासाठी पेटीच्या आत डोकावू.

स्वर निर्माण होतो तो एका धारकात. त्यात विद्युतभार साठत जातो, ठरावीक दाब गाठला की धारक एकदम रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतात. भरणारा प्रवाह दुप्पट केला की वारंवारता दुप्पट होते, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो. येथे ट्रान्झिस्टरचा एक गुण उपयोगी पडतो. त्याच्या बेस व एमिटरमधला दाब खोलीच्या तापमानाला सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवला, की प्रवाह दुप्पट होतो. आपल्या कानालाही दरवेळची दुप्पट समान अंतराची वाटते. म्हणून दर सप्तकाला १ व्होल्ट, असा सरळ हिशेब ठेवून स्वर नेमता येतात.

मात्र हाच गुण गळ्याशीही येतो. प्रवाह तोच ठेवला, तर एका अंशाच्या तापमानवाढीने हा दाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. म्हणजे अवघे ९ अंश वाढले, तर सूर सप्तकभर सरकेल! यावर उपाय म्हणजे दोन जुळे ट्रान्झिस्टर अगदी चिकटून ठेवणे. एकातला बदल दुसरा बराचसा खोडून काढतो. मूळ पेटीत असे जुळे भाग होते. पण ते बनणेही पुढे बंद झाले. आवाजाचा लहानमोठेपणा सांभाळणारी बीए६६२ ही चिपही दुर्मीळ झाली. आकृती होती, पण भाग नव्हते.

२००५ साली अमेरिकेत लिमोर फ्राइड या तरुण अभियंतीने ‘झॉक्सबॉक्स’ नावाची नक्कल सिद्ध केली. आवाज निर्माण करणारा भाग तिने मुळाबरहुकूम ठेवला. स्वर लक्षात ठेवणाऱ्या भागात मात्र नवा मायक्रोकंट्रोलर बसवला. कारण जुन्या चिपमधला प्रोग्राम आकृतीत दिसत नव्हता. पेटी बाहेरून कशी वागते ते पाहून नवा लिहावा लागला. आकृत्या, भागांची यादी आणि प्रोग्राम तिने सर्वांसाठी खुले केले. त्यामुळे अनेकांनी त्यावरून पेट्या बांधल्या आणि सुधारल्या. बीए६६२ च्या जागी सुटे ट्रान्झिस्टर जोडून तेच काम करणारी इवलीशी पट्टीही काहींनी तयार केली.

या खटाटोपात एक जुना समजही तपासला गेला. पेटीतल्या ध्वनिगाळणीच्या तीन पायऱ्या आहेत, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. आकृतीत मात्र धारक चार, म्हणजे पायऱ्याही चार. त्यांपैकी एक धारक इतरांच्या सुमारे निम्म्या क्षमतेचा, शिवाय प्रत्येक पायरी शेजारच्या पायरीवर भार टाकते. त्यामुळे गाळणीचा उतार कानाला सौम्य वाटतो. वेगळ्या आवाजाचे एक कारण असे सापडले. ‘जुन्या यंत्रात जादू असते’ म्हणून सोडून दिले असते, तर ते कळले नसते.

पुढे रोलँडने २०१६ साली, तर बेहरिंगर कंपनीने २०१९ साली या वाद्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या. तरीही हौशी मंडळींच्या कामाचे महत्त्व कमी होत नाही. कारखाना बंद झाला, भाग संपले, तरी छापलेली आकृती हाती असल्यामुळे ज्ञान शिल्लक राहिले. दुरुस्तीची आकृती न देता विकलेले उपकरण बिघडले, की त्यातले ज्ञानही त्याच्यासोबत भंगारात जाते. विद्यार्थ्यांशी या मुद्द्यावर जरूर चर्चा करावी.

नक्कल करणाऱ्याची पहिली पायरी वर्गातही करून पाहता येईल. बीसी५४७ जातीचे दहा ट्रान्झिस्टर आणावेत. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून प्रत्येकाच्या बेस व एमिटरमधला दाब मोजून फळ्यावर लिहावा. तो सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट भरेल. एकाच पाकिटातले आकडेही थोडे वेगळे येतील. त्यांतून जुळी जोडी निवडावी. मग त्यातला एक चिमटीत धरून ठेवावा आणि आकडा उतरताना पाहावा. १८ मिलिव्होल्ट म्हणजे एक सप्तक, हे लक्षात ठेवून तुमच्या बोटांच्या उबेने सूर किती सरकला असता, ते विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.