धूळपाटीचा प्रवास : पंतोजींच्या शाळेतील एक दिवस

१/
साल साधारण १८२०. पेशवाई बुडून दोनच वर्षे झाली आहेत. दख्खनमधील एखाद्या मोठ्या गावी, देवळाच्या ओवरीत किंवा कुणा सावकाराच्या पडवीत पंतोजींची शाळा भरली आहे. खडू नाही, फळा नाही, छापील पुस्तक नाही. तरीही या शाळेचा दिवस गजबजलेला असे. मित्रहो, आज तो दिवस पाहू. आणि त्या ओवरीत कोण नव्हते, हेही पाहू.

२/
सकाळची वेळ अक्षरांची. लहानग्यांपुढे धूळपाटी असे. लाकडी फळीवर विटेची बारीक तांबडी पूड पसरायची, काडीने अक्षर काढायचे आणि चुकले की हात फिरवून पुन्हा काढायचे. आरंभ ‘ओनामासिधं’ने होई. मूळचे ‘ॐ नमः सिद्धम्’ पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी असे झिजून गेले होते. अक्षरे हातात बसली की बोरू, शाई आणि कागद मिळे. मग कित्ता गिरवत मोडी शिकायची, कारण सरकारी दफ्तर, सावकाराची वही आणि घरची पत्रे, सारा व्यवहार मोडीत चाले.

३/
त्यानंतर हिशेब. नुसते पाढे पुरत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, हे सारे मुखोद्गत असावे लागे. का? सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी अशा जगात अपूर्णांक हाच रोजचा व्यवहार होता. साडेतीन आणे हात या भावाने सात हात कापड घेतले, तर किती द्यायचे? औटकी येणारा मुलगा तत्काळ सांगे : साडेचोवीस आणे, म्हणजे दीड रुपया आणि वर अर्धा आणा.

४/
दिवेलागणीला परवचा. सकाळपासून जे शिकले, ते सर्वांनी एका सुरात मोठ्याने म्हणायचे. चुकणाऱ्यासाठी छडी होती, ओणवे उभे राहणे होते. या शाळेचे गुणगान करताना तो धाक विसरू नये. पंतोजींना ठरलेला पगार नसे. पालक देतील ते धान्य, सणावारी मिळणारी दक्षिणा आणि थोडीफार रोकड यांवर त्यांचा संसार चाले.

५/
पण वेगवेगळ्या वयांची एवढी मुले एकटे पंतोजी सांभाळत कशी? युक्ती साधी होती. पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. मोडी वळवणारा थोरला धूळपाटीवरच्या धाकट्याचा हात धरी. पंतोजी केवळ देखरेख करीत आणि अडलेल्याला वाट दाखवीत.

६/
ही रीत केवळ महाराष्ट्रातली नव्हती. मद्रासच्या एग्मोर भागात लष्करी अनाथ मुलांची एक शाळा होती. १७८९ पासून अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री तिचे अधीक्षक होते. मलबारी मुलांच्या एका शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्यांनी पाहिली. आपल्या शिक्षकांना तो प्रयोग पटेना, तेव्हा बेल यांनी सुमारे आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यालाच सर्वांत लहान वर्गाचा शिक्षक नेमले. प्रयोग यशस्वी झाला. मायदेशी परतल्यावर १७९७ मध्ये त्यांनी त्याचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला.

७/
पुढे इंग्लंडमध्ये ही ‘मद्रास पद्धत’ गाजली. जोसेफ लँकेस्टर यांनीही १७९८ मध्ये लंडनला शाळा काढून याच धर्तीवर शेकडो गरीब मुलांना एका दालनात शिकवून दाखवले. आणि गंमत पाहा : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना (१८१९–१८२७) इकडे नव्या धर्तीच्या मराठी शाळा निघू लागल्या, तेव्हा हीच रीत ‘लँकेस्टरची पद्धत’ म्हणून हिंदुस्थानात परत आली. वाळूतले अक्षर समुद्र ओलांडून गेले आणि विलायती नाव धारण करून परतले.

८/
आता त्या ओवरीत पुन्हा एकदा डोकावू. बसलेली मुले मुख्यत्वे ब्राह्मण, प्रभू आणि व्यापारी घरांतली. काही कुणब्यांची आणि कारागिरांची. मुली जवळजवळ नाहीतच. आणि गावकुसाबाहेरचे मूल? त्याला ओवरीची पायरीही बंद होती. गावकीची कामे करणाऱ्या त्या घरांतून औटकीचा आवाज ऐकू गेला असेल. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, ते मात्र त्यांना वाचता येत नव्हते. अज्ञानाची किंमत ही अशी रोजची आणि रोकडी होती.

९/
१८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे काही वर्षांतच त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. या पार्श्वभूमीवर त्या शाळांचे मोल ध्यानात येते.

१०/
सरकारी शाळांचे काय? जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. एका मुलासाठी इतर सारे शाळा सोडून जातील, असा मुंबई सरकारचा हिशेब होता. १८५८ मध्ये विलायतेहून कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे कळवले. मात्र कागदावर उघडलेले दार गावात बंदच राहिले.

११/
१८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडले आणि निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर दाखल झाले, तेव्हा वर्गात प्रवेश मिळाला होता, सोबत बसण्याचा हक्क नव्हता. बसायचे ते कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटावर. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी.

१२/
धूळपाटीची रीत मलबारी मुलांकडून लंडनला पोहोचायला आणि मुंबईला परतायला तीसेक वर्षे पुरली. गावच्या ओवरीपासून गावकुसापर्यंतचे अंतर चालायला शंभर वर्षेही पुरली नाहीत. म्हणून एखाद्या काळची शाळा कशी होती हे शोधताना तिथे काय शिकवत असत, एवढ्यावर थांबू नका. हजेरीत कुणाचे नाव नव्हते, तेही विचारा.