मिठाच्या पट्टीवरची कव्वाली

घोडबंदर रस्त्यावरचं आमचं चेणे, खाडीजवळची दमट हवा. पावसाळ्यात अब्बांच्या रेकॉर्ड प्लेअरचा आवाज बसायचा. कारण मला फार उशिरा कळलं. सुईमागची पट्टी मिठाची होती!

१८८० मध्ये पॅरिसात पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवलं, की काही स्फटिक दाबले की वीज उमटते. १८८१ मध्ये लिपमन यांनी गणितातून उलटही सांगितलं, की वीज दिली तर स्फटिकाचा आकार बदलेल. क्युरी बंधूंनी तेही पडताळलं.

हा बदल अतिसूक्ष्म असतो. म्हणून दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवतात. वाकवल्यावर एक ताणली जाते, दुसरी दबते आणि वीज मिळते. हा झाला संवेदक. वीज दिली, की एक लांबते, दुसरी आखडते आणि जोडपट्टी वाकते. हा झाला चालक.

रेकॉर्डच्या खाचेत थरथरणारी सुई अशीच पट्टी वाकवायची. ती रोशेल मिठाची असे, आणि ओल हा त्या मिठाचा वैरी. पुढे सिरॅमिकच्या पट्ट्या आल्या.

हे मीठ वाइनच्या पिंपांत साचणाऱ्या क्षारापासून बनायचं. अब्बांना सांगितलं असतं, तर ते बहुधा हसले असते. दारूचा आपोआप सिरका झाला की तो हलाल. इथे तर कव्वाली झाली.