एकच कल्पना, दोन इंजिने

मोटारींच्या इतिहासात एक समजूत पक्की रुजलेली दिसते : अमेरिकी माणसाला मोठे आवडते, युरोपीय माणसाला आटोपशीर. मीही बराच काळ तसेच मानत आलो. फोर्ड कंपनीच्या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मात्र ही समजूत अपुरी वाटू लागली.

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘मस्टँग’ लोकांसमोर आली. ‘फाल्कन’ या साध्या कौटुंबिक गाडीचे भाग वापरल्याने तिची किंमत २,३६८ डॉलरपासून ठेवता आली. वर्षभरात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. जानेवारी १९६९मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात युरोपसाठी ‘काप्री’ आली. युक्ती तीच : लांब बॉनेट, आखूड मागची बाजू आणि आत ‘कोर्टिना’ या घरगुती गाडीचे भाग.

फरक इंजिनात होता. मस्टँगचे सर्वांत लहान इंजिन २.८ लिटरचे, काप्रीचे १.३ लिटरचे. हे केवळ आवडीने ठरले नव्हते. जर्मनीत मोटारीवरचा कर इंजिनाच्या घनफळावर बसे. पेट्रोलही करांमुळे महाग. अमेरिकेत ते स्वस्त होते.

१९७६ साली विक्रीस आलेल्या फोक्सवॅगनच्या ‘गोल्फ जीटीआय’ने याच चौकटीत वाट काढली : १.६ लिटर, ११० अश्वशक्ती आणि जेमतेम आठशे किलोंच्या आसपास वजन.

म्हणून वाटते, ज्याला आपण एखाद्या समाजाची आवड म्हणतो, तिच्यात त्याच्या करपद्धतीचा हिशेबही मिसळलेला असतो. बेताच्या पगारात वेगवान गाडी हवी, ही हौस दोन्हीकडे सारखीच होती.