लामार्कला दोष देण्याआधी

माझ्या मुलाखतींमध्ये एक उत्तर सारखं येतं: "जिराफाला उंचावरची पानं खायची होती, म्हणून त्याची मान लांब झाली." सुरुवातीला अशी सगळी उत्तरं मी 'लामार्कवादी' या एकाच कोडखाली टाकली. मग इतिहास वाचला आणि कोडिंग पुन्हा करावं लागलं.

लामार्कने १८०९ मध्ये मांडलं ते असं: परिस्थिती बदलली की सवयी बदलतात, वापराने अवयव वाढतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरात बहुतेकदा नुसती गरज असते. वापर, वारसा काहीच नसतं. गंमत म्हणजे वापराचा परिणाम वारशाने जातो हे डार्विनलाही मान्य होतं. १८६८ मध्ये त्याने मांडलेल्या 'पॅनजेनेसिस'मध्ये त्याचं स्पष्टीकरण आहे.

१९९० मध्ये बिशप आणि अँडरसन यांनी अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांना विचारलं, चित्ता इतका वेगवान कसा झाला? त्यांना दिसलेली मुख्य अडचण अशी: मुलांना वाटतं, अख्खी जात एकत्र हळूहळू बदलते. मुळात सगळे चित्ते सारखे नसतात, हेच सुटतं.

म्हणून कोडिंग करताना तीन प्रश्न वेगळे ठेवा. बदल कुठून आला? तो पुढे कसा गेला? प्राणी बदलला, की समूहातलं प्रमाण? कोड चुकला तर वर्गातला उपायही चुकतो. ज्या मुलीने लामार्कसारखा विचारच केला नाही, तिला "लामार्क चुकला" असं सांगून काय उपयोग?