नळीची कुळकथा

हैदराबाद शहरात आबिद रोडवरून फतेहमैदानाच्या बाजूला वळले की गनफौंड्री नावाची वस्ती लागते. बँका, कचेऱ्या आणि दुकाने यांनी ती आज गजबजून गेली असली, तरी जुन्या लोकांच्या तोंडी तिचे ‘तोप का सांचा’ हेच नाव असे. कारण निजाम अली खान, दुसरा आसफजाह, याच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी मिशेल जोआशिम मारी रेमों याने 1795 साली येथे तोफा आणि तोफगोळे ओतण्याचा कारखाना घातला होता. त्याच वर्षीच्या 11 मार्चला जामखेडजवळ खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला. त्या दिवशी रेमोंची कवायती पलटणे नेटाने लढली होती, परंतु हुजुरांनीच धीर सोडून खर्ड्याच्या गढीचा आश्रय घेतल्यावर पलटणांच्या शौर्याला काही अर्थ उरला नाही. कारखान्याकडे परत यायचे तर, तोफ ओतीव असते आणि बंदुकीची नळी घडीव. तरी दोहोंचे गुणदोष एकाच ठिकाणी वसतात, ते म्हणजे आतल्या पोकळीत. नेम लागला की आपण नेमबाजाचा डोळा वाखाणतो, हाताची स्थिरता वाखाणतो. पण ती पोकळी ज्याने सरळ आणि एकसारखी केली त्या कारागिराचे नाव बहुधा कोणाला ठाऊक नसते. ही कुळकथा त्या पोकळीची आहे.

धातूच्या बाबतीत हा मुलूख कधीच दरिद्री नव्हता. निजामाबादेकडील कोनसमुद्रम या गावी जे पोलाद होई, ते नेण्यासाठी थेट इराणातून व्यापारी येत. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीत तिचा प्रमुख लॅम्ब्टन याच्याबरोबर काम करणारा वैद्य आणि भूगर्भवेत्ता हेन्री व्हॉयसी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी तेथे गेला, तेव्हा इस्फहानचा हाजी हुसेन नावाचा एक चतुर सौदागर त्याला खरेदीसाठी आलेला आढळला. वीस वर्षांपूर्वीही आपण याच कामासाठी आलो होतो, असे हाजीने त्याला सांगितले. दोन गावांचे दोन जातींचे लोखंड तीनास दोन या प्रमाणात मुशीत घालायचे, मूस मातीने बंद करून अहोरात्र भट्टीत ठेवायची, आणि निघालेली पोलादाची वडी पुन्हा पुन्हा तापवून नरम करायची, अशी ती रीत होती. आपल्या देशात हे पोलाद करून पाहण्याचे इराण्यांचे यत्न फसले होते, आणि म्हणूनच हाजी हजारो कोसांवरून येऊन भट्टीशेजारी मुक्काम करून राही. अशा पोलादाचा मान मुख्यतः तलवारीला. नळीला नुसता कठीणपणा चालत नाही. स्फोटाचा धक्का सोसून न फुटणारे चिवट लोखंड तिला लागते.

ते घडवावे कसे, याचे आपल्याकडील सर्वांत तपशीलवार वर्णन अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा गुंडाळून कडेला कड भिडवीत, आणि अशी नळी सांध्यावर फुटे. अकबराच्या कारखान्यात पट्टी तिरकस गुंडाळून, एक वेढा दुसऱ्यावर चढवून, हलके हलके आच देत ते वेढे एकजीव करू लागले. सोळा नळ्या एका वेळी साफ करणारे, बैलाने फिरवायचे चक्रही अकबराने करविले होते. परंतु मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो तपासणीचा भाग. नळी आधी एकतृतीयांश दारू भरून पारखीत. ती टिकली म्हणजे बादशहा स्वतः बार काढून पाही. आणि गोळी बाजूला गेली, तर नळी तापवून, आत लाकडी दांडा घालून सरळ करीत व बादशहाच्या समक्ष कानसवाल्याच्या हवाली करीत. नेम चुकला तर दोष आधी नळीत शोधावा, ही दृष्टी या देशात सोळाव्या शतकातच रुजलेली होती.

सालारजंग संग्रहालयाच्या शस्त्रदालनात असलेल्या तोड्याच्या बंदुका सावकाश पाहाव्यात. लांब, जाड नळी दस्त्याला पट्ट्यांनी बांधलेली, मागे नेम धरण्याचे भोक, तोंडाशी माशी, आणि वर सोन्याचे नकशीकाम. पण अशा नळीचे अंतरंग बहुधा साफ, गुळगुळीतच असे. बाहेरच्या नकशीवर जेवढी कला खर्ची पडली तेवढी आत पडली नाही, हे पाहून मला दर वेळी हळहळ वाटते.

गुळगुळीत नळीचे दुखणे असे, की ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडातून घालून गजाने खाली दाबायची असल्यामुळे, आणि चारदोन बार होताच दारूची काजळी आत साचत असल्यामुळे, गोळी नळीपेक्षा बारीकच ठेवावी लागे. कंपनी सरकारच्या पलटणींची नळी पाऊण इंचाची असे आणि गोळी सुमारे सात दशांश इंचाची. बार होताच ही सैल गोळी आतल्या भिंतींवर आपटत निघे, आणि शेवटचा टोला जेथे बसे त्यानुसार भलत्याच अंगाने गरगरत हवेत शिरे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास हे प्रयोगाने दाखविले. त्याने एक नळी डावीकडे वाकविली आणि पातळ कागदांचे पडदे ओळीने टांगून बार काढला. गोळी आरंभी डावीकडे गेली खरी, पण पुढच्या पडद्यांवरील छिद्रे उजवीकडे सरकत गेलेली होती. तिला वळविणारे तिचे गरगरणेच होते.

मग उपाय असा, की गोळीला फिरायचे तर आहेच, तेव्हा तिला आपल्या इच्छेने, प्रवासाच्या दिशेभोवतीच फिरवावे. फिरता भोवरा जसा आरेवर ताठ उभा राहतो, तशी मग ती आपली दिशा सोडीत नाही. त्यासाठी नळीच्या आत पीळदार खाचा कोरण्याची युक्ती जर्मन मुलखातील कारागिरांना पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुचली होती. पण खाचा पकडतील अशी घट्ट गोळी गजाने ठोकून ठोकून खाली न्यावी लागे. शिकाऱ्याला तेवढी सवड असते, शिपायाला नसते. ही अडचण 1849 साली मिनिए या फ्रेंच कप्तानाच्या गोळीने सुटली. ती लांबट होती, बुडाशी पोकळ होती. सैलपणे आत जाई आणि दारू पेटताच फुगून खाचांत बसे. इंग्रजांच्या 1853 च्या एन्फील्ड बंदुकीत तीन खाचा होत्या. नळी 39 इंचांची आणि खाचेचा पूर्ण वेढा 78 इंचांचा; म्हणजे गोळी नळीबाहेर पडेपावेतो तिचा अर्धाच फेरा होई. तेवढ्या अर्ध्या फेऱ्याने शंभर यार्डांचा भरवसा कित्येक शे यार्डांवर गेला.

या एन्फील्डच्या काडतुसांवरून 1857 साली काय घडले ते सर्वांना विदित आहे. हैदराबादेतही 17 जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रोहिल्यांसह कोठीच्या रेसिडेन्सीवर चाल केली आणि तोफांच्या माऱ्यापुढे ती मोडली. काडतुसांच्या चरबीची कथा शाळकरी मुलालाही येते. नळीची त्यानंतरची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती सांगितली पाहिजे. बंड शमल्यावर सरकारने हिंदी शिपायांसाठी 1858 चा म्हणून जो नमुना काढला, तो दिसायला एन्फील्डच होता. परंतु आतल्या तिन्ही खाचा खरवडून, 0.577 इंचाचे छिद्र 0.656 इंचापर्यंत वाढवून, नळी पुन्हा गुळगुळीत केलेली होती. अंतरानुसार वरखाली होणारी, नेम धरण्याची मागची पट्टी काढून तेथे एक ठरीव खाच बसविली. खरवडल्यामुळे नळीची भिंत पातळ होऊन ती दुबळी पडे, म्हणून 1859 च्या नमुन्यात मुद्दाम जाड नळी घेण्यात आली. गोऱ्या पलटणीच्या हाती पीळदार नळी आणि काळ्या पलटणीच्या हाती साफ नळी, अशी ही व्यवस्था होती. अचूकता नळीत असते हे सत्ताधीशाला पुरते कळलेले होते, आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या नळीतून त्याने ती काढून घेतली. कारागिराच्या विद्येचा याहून हीन उपयोग मला तरी दुसरा आठवत नाही. तत्पूर्वी 1798 साली, रेमोंच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत, तैनाती फौजेच्या तहान्वये त्याची सुमारे चौदा हजारांची फौज निःशस्त्र करून मोडली गेली, तेव्हाही हेच धोरण होते. फरक एवढाच की त्या वेळी शस्त्रेच काढून घेतली, या वेळी शस्त्र हाती ठेवून त्याचे सत्त्व काढले.

पुढे नळीनेच राज्यकर्त्यांनाही एक धडा दिला. ली-मेटफर्ड बंदुकीच्या नळीत सात उथळ, गोलसर खाचा होत्या; काळ्या दारूची काजळी त्यांत साचू नये असा विल्यम मेटफर्डचा हेतू. पण कॉर्डाइट ही नवी बिनधुराची दारू आली आणि तिच्या प्रखर उष्णतेने त्या उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. बंदूक चांगली, शिपाई तोच, आणि गोळ्या मात्र विखुरलेल्या. तेव्हा 1895 साली बंदुकीचे यंत्र आहे तसे ठेवून नळी तेवढी बदलली. पाच खोल, चौकोनी कडांच्या खाचा आणि दर दहा इंचांत एक वेढा, अशी ती नळी, हीच ली-एन्फील्ड. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात याच कुळातील बंदुका होऊ लागल्या, आणि पीळदार खाचा कोरणारी यंत्रे हिंदी कामगारांच्या हाताखाली आली.

आज हैदराबादेत नळीची चिकित्सा चालते ती खेळाच्या मैदानावर. गगन नारंग याच शहरात वाढला. 2012 साली लंडनला 10 मीटर एअर रायफलमध्ये त्याने कांस्यपदक मिळविले, आणि त्या स्पर्धेतील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल तीन पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणले. तेथे दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे. एवढ्या लहान लक्ष्यासाठी नळी कशी पारखतात ते पाहण्याजोगे आहे. माणसाचा हात मध्ये येऊच नये म्हणून नळी लोखंडी पकडीत घट्ट आवळतात आणि एकाच घाण्याच्या काडतुसांचे दहा बार काढतात. दहाही छिद्रे एकमेकांत मिसळून एकच फाटके भोक दिसले तर तो घाणा जमला, दोन बाजूला गेली तर दुसरा घाणा. एका नळीला मानवणारे काडतूस शेजारच्या, त्याच कारखान्याच्या नळीला मानवेल असे नाही. नळीच्या तोंडाची कड गजाच्या घर्षणाने किंचित जरी दुखावली, तरी बाहेर पडताना गोळीमागचा वायू एका अंगाने आधी निसटतो आणि गोळी कलते. म्हणून साफसफाईचा गज मागच्या बाजूने घालावा, तोंडाकडून नव्हे, असे शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यातच बजावतात. आणि झिजलेली नळी उतरवून नवी चढविली, की तिच्यासाठी आधीचे सगळे टिपण निरुपयोगी ठरते; पकड पुन्हा आवळायची, निरनिराळ्या घाण्यांच्या पेट्या पुन्हा मांडायच्या, आणि पहिल्या बारापासून नवी वही घालायची.