ऑटोमॅटिक गाडीचा गिअर अडकतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या गोष्टी तपासून घ्या

सिग्नल सुटतो, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि गाडी जड झाल्यासारखी हळूहळू उचलते. किंवा हायवेवर इंजिन ओरडत राहतं, पण वरचा गिअर काही पडत नाही. गॅरेजमध्ये गेलात की बऱ्याचदा उत्तर मिळतं, “गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” हे काम महागडं असतं. कधीकधी ते खरोखर गरजेचं असतं. पण कधीकधी दोष गिअरबॉक्समध्ये नसून एखाद्या वायरमध्ये असतो.

मग दोष इलेक्ट्रिकल आहे की आतल्या यंत्रणेत, हे गिअरबॉक्स न खोलता कसं ओळखायचं? टोयोटाच्या ए३४०ई या चार गिअरच्या जुन्या, पण जगभर गाजलेल्या गिअरबॉक्सवरून हे समजून घेऊ.

गिअर नेमका कोण बदलतो?

अशा गिअरबॉक्समध्ये क्लच आणि ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतात. ऑइल कुठे पाठवायचं हे व्हॉल्व्ह ठरवतात आणि त्या व्हॉल्व्हना हुकूम देतात सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे छोटे व्हॉल्व्ह. गाडीचा वेग आणि थ्रॉटल किती उघडा आहे हे पाहून कॉम्प्युटर सोलेनॉइड चालू-बंद करतो.

ए३४०ई मध्ये गिअर बदलणारे सोलेनॉइड फक्त दोन आहेत. त्यांचं गणित असं:

- पहिला गिअर: क्रमांक १ चालू, क्रमांक २ बंद
- दुसरा गिअर: दोन्ही चालू
- तिसरा गिअर: क्रमांक १ बंद, क्रमांक २ चालू
- ओव्हरड्राइव्ह (चौथा): दोन्ही बंद

आता समजा क्रमांक १ ची वायर तुटली. मग पहिला आणि दुसरा गिअर मिळणारच नाही, गाडी थेट तिसऱ्यात सुटेल. चालवणाऱ्याला वाटेल क्लच गेला. प्रत्यक्षात आतले क्लच ठणठणीत असतात!

१. आधी ऑइल बघा

गाडी चालवून ऑइल गरम होऊ द्या. सपाट जागी हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पी वर आणा आणि मग डिपस्टिक पाहा. ऑइल कमी असेल तर दाब कमी पडतो आणि क्लच घसरतात. ऑइल काळं असेल, जळका वास येत असेल, तर आतले क्लच झिजले असण्याची शक्यता वाढते. अनेक नव्या गाड्यांमध्ये डिपस्टिकच नसते. तिथे हे काम गॅरेजमध्येच करावं लागतं.

२. कोड वाचा, पण नीट

या जुन्या टोयोटांमध्ये बिघाड झाला की ‘ओ/डी ऑफ’ दिवा लुकलुकतो. ६२ आणि ६३ हे कोड त्या दोन सोलेनॉइडच्या सर्किटचे, तर ६४ लॉक-अप सोलेनॉइडचा. नव्या गाड्यांमध्ये स्कॅनर लावतात. त्यात पी०७०० दिसला तर तेवढ्यावर थांबू नका. त्याचा अर्थ इतकाच, की ट्रान्समिशनच्या कंट्रोल सिस्टीममध्ये दोष नोंदला गेला आहे. नेमका कोड वाचायला ट्रान्समिशनपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. साधे स्कॅनर कित्येकदा फक्त इंजिनचेच कोड दाखवतात.

आणखी एक गोष्ट. ६२ म्हणजे ‘सोलेनॉइड बदला’ असं नाही. सर्किटमध्ये वायर, कनेक्टर आणि खुद्द कॉम्प्युटरही येतो. उलट, कचरा अडकून जाम झालेल्या सोलेनॉइडचं सर्किट ठीक असेल, तर हा कोड येणारही नाही.

३. मल्टिमीटर लावा

ए३४०ई च्या गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स थंड असताना ११ ते १५ ओहम हवा. मोजमाप आधी कॉम्प्युटरकडच्या टोकाला घ्यायचं आणि मग गिअरबॉक्सजवळच्या कनेक्टरवर. गिअरबॉक्सजवळ आकडा बरोबर आणि कॉम्प्युटरकडे चुकीचा आला, तर दोष मधल्या वायरिंगमध्ये आहे. दुसऱ्या गाडीसाठी आकडा तिच्याच सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

४. सगळ्यात कामाची चाचणी

सोलेनॉइडचा कनेक्टर काढून गाडी लिव्हरने चालवायची. आता कॉम्प्युटरचा हुकूम पोहोचतच नाही. तरीही ए३४०ई मध्ये ‘एल’ वर पहिला, ‘२’ वर तिसरा आणि ‘डी’ वर ओव्हरड्राइव्ह मिळायला हवा.

हे गिअर नीट पडले, तर शोध सेन्सर, वायरिंग, सोलेनॉइड आणि कॉम्प्युटर यांच्याकडे वळवा. तेच गिअर घसरले किंवा पडलेच नाहीत, तर दोष गिअरबॉक्सच्या आत आहे आणि तो उतरवण्याला कारण आहे. चाचणी रिकाम्या रस्त्यावर, जाणत्या मेकॅनिकसोबतच करा. नंतर कनेक्टर जोडून कोड पुसायला विसरू नका.

हे सगळ्या ऑटोमॅटिकना लागू आहे का?

नाही. भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून लोकप्रिय झालेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स. त्यात क्लच आणि गिअर ॲक्च्युएटर हलवतो. सीव्हीटीमध्ये तर ठरावीक गिअरऐवजी पुली आणि बेल्ट असतो. कनेक्टर काढण्याची चाचणी तिथे करू नका. पण ऑइल, कोड, वायरिंग आणि शेवटी आतली यंत्रणा हा क्रम तिथेही उपयोगी पडतो.

म्हणून पुढच्या वेळी “गिअरबॉक्स उतरवावा लागेल” असं ऐकलं, तर तीन प्रश्न विचारा: कोणता कोड आला? ऑइल कसं होतं? वायरिंग तपासलं का? उत्तरं मिळाल्यावरच होकार द्या.