शिवराई आणि चिंच-मीठ



वीरनिर्वाणाचा दिवस जवळ आला की घरातली तांब्या-पितळेची भांडी घासायला निघतात. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी भांड्यांबरोबर पूजेच्या डब्यातली काळपट नाणीही चिंच-मिठाने घासली. नाणी गुलाबी लखलखीत झाली. सासूबाईंनी एक हातात घेऊन उन्हात फिरवलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, यावर अक्षरं होती."

ती शिवराई होती. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई सुरू केली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' असतं, तेही देवनागरीत. होन क्वचितच कुणाच्या हाती पडायचा, शिवराई मात्र बाजारात रोज फिरायची. पुढे पेशवाईतही ती पडत राहिली. 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असल्या तर ती दुदांडी शिवराई. ठसा मोठा आणि नाणं लहान, म्हणून पुष्कळदा अर्धीच अक्षरं उमटायची. अभ्यासक त्या अक्षरांच्या वळणावरून नाण्याचा काळ ठरवतात.

झिजलेल्या नाण्यावर अक्षरं जेमतेम उठून दिसतात, ती खोबणीत बसलेल्या काळ्या रंगामुळे. हा काळा-तपकिरी थर मळ नव्हे. तांब्याचा हवेशी संयोग होऊन तो बनतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, घासण्याने अक्षरांचे कंगोरे जातात आणि मिठाचा अंश राहिला तर तांबं आतून कुरतडलं जातं.

राणीछाप रुपयाचंही तसंच. १८६२ पासूनचा हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. राखेने किंवा रांगोळीने घासली की काळेपणाबरोबर थोडी चांदीही जाते आणि राणीच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात.

मग करायचं काय? शक्यतो काहीच नाही. माती चिकटली असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तास ठेवावं, मऊ सुती कापडाने टिपावं, चोळू नये, आणि पूर्ण वाळवावं. धरताना कडेने धरावं. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं इतरांपासून वेगळं करून जाणकाराला दाखवावं. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये, त्याने नाणी चिकट हिरवी होतात. कोरड्या जागी कागदी पाकीट बरं.

आणि पूजेत? दूध-पाणी, हळद-कुंकू चालू नाण्यावर घालावं. जुनं नाणं शेजारी कोरड्या पानावर ठेवून अक्षता वाहिल्या तरी भाव तोच राहतो. आपल्या धर्मात निर्जरा सांगितली आहे ती आत्म्याला चिकटलेल्या कर्मांची. तीनशे वर्षं हातोहात फिरलेल्या तांब्यावरचा रंग झडवून कसलं पुण्य?

ती शिवराई अजून आमच्या डब्यात आहे. रंग पुन्हा चढला, पण डागाडागांनी. 'शिव'मधला 'शि' आता बोटालाही लागत नाही. दर दिवाळीला सुनेला ती दाखवते आणि सांगते, ही घासायची नाही.